पायविहिरीवरचे आबाजी

देवरावदादा गेल्याचे त्यांच्या मुलाने येऊन सांगितले, तेव्हा मी सावंगीला दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर त्यांचीच औषधे घेत उभा होतो. पुडी हातात तशीच राहिली... त्याला आता दीड महिना झाला. दादा माझे मावसभाऊ, वयाने बारा वर्षांनी मोठे, सिंदी (रेल्वे)जवळच्या आपल्या गावचे एकेकाळचे सरपंच. त्यांच्याविषयी लिहायचे तर गावच्या पायविहिरीपासूनच, म्हणजे पायऱ्या उतरून पाणी भरायच्या विहिरीपासूनच, सुरुवात करावी लागते.

गावाची मालगुजारी, म्हणजे जमिनीची मालकी आणि साऱ्याची वसुली, पूर्वी दोन घराण्यांत आठ-आठ आणे, निम्मी-निम्मी होती. भांडण कोर्टात गेले, दादांच्या पणजोबांचा, आबाजींचा, हिस्सा गेला आणि जिंकलेल्या घराने त्या आनंदात पायविहीर बांधली. तिच्या दारावरच्या दगडात एक माणूस कोरून घेतला. डोक्याला पागोटे, मिशा पिळलेल्या, आणि गाढवावर शेपटीकडे तोंड करून बसलेला. कोणाला उद्देशून, हे सांगावे लागत नव्हते. आकृती वीतभराचीच; पण तिच्यापायी दादांच्या घरच्या बायकांनी ते पाणी कधी भरले नाही, नाल्यापलीकडून आणले. घरच्या वराती शाळेमागून वळसा घालून जात. दादा निवडणुकीला उभे राहिले तेव्हा विरोधकांचा प्रचार एवढाच, की उलट्या मालगुजाराला निवडाल तर गावही उलटे चालेल. दादा तरीही निवडून आले, थोडक्या मतांनी.

पुढे विहिरीच्या दुरुस्तीचे काम निघाले. दादांचे धाकटे भाऊ नामदेव छन्नी-हातोडा घेऊन शिडीवर चढले. सत्ता आता आपल्या घरात आहे, एवढे एक काम झालेच पाहिजे, असे सगळ्या भावकीचे म्हणणे. खरे तर माझेही. समोरच्या घराण्याचे शंकरराव ओट्यावर बसून पाहत होते, मागे त्यांची मुले काठ्या घेऊन. दादा आले, नामदेवांना खाली उतरवले आणि स्वतः चढले. बराच वेळ दगडाकडे पाहत राहिले.

“काऊन थांबला? हात लटलट कापून राह्यला का?” नामदेवांनी खालून टोमणा मारला.

“नामदेव, आबाजीचा एखादा फोटो हाय का आपल्या घरी?”

“त्या टायमाले कुठचे फोटो?”

“मंग हे नाक पाह्य. बाबाचं हाय, तुयं हाय, मायंबी हाय. कारागिरानं पाहूनच कोरलं. आबाजीचा चेहरा इथंच उरला, अन् तू त्याच्यावर छन्नी मारून राह्यला?” मग ते ओट्याकडे वळले. “शंकरराव, तुमच्या बुढ्यानं आमचा बुढा कोरून ठेवला. सोताचा कोराचा राहूनच गेला.”

शंकररावांना हसू आवरले नाही. काठ्या भिंतीला टेकल्या. नामदेव मात्र निघून गेले. सरपंचाने घराण्याची अब्रू विकली असे गावभर सांगत राहिले, आणि दादांशी बोलणे त्यांनी टाकले ते टाकलेच. दादांना ते लागले होते. पण त्यांनी खुलासा केला नाही. मुलीच्या लग्नात नवरदेवाची वरात मात्र विहिरीवरूनच आणली आणि घोडा थांबवून वर बोट दाखवले, “हे आमचे आबाजी. पाया पडा, जावईबापू.” त्या लग्नात नामदेव जेवले नाहीत.

तेरवीच्या सकाळी मी विहिरीकडे गेलो, तर नामदेव शिडीवर. पुन्हा छन्नीच असणार म्हणून मी धावत सुटलो... जवळ गेल्यावर दिसले, त्यांच्या हातात ओला पंचा होता. पारव्यांनी घाण केलेले पागोटे त्यांनी पुसले, मिशा पुसल्या, मग नाक, अगदी हळू.

“दादाचा चेहरा असा घाणीत काऊन ठेवाचा,” ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.