डबल बेल झाल्याशिवाय नाही

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साचतात, भंगार आणि किस्से. भंगार निदान कबाडी घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते डोक्यात पडून राहतात आणि कुणी चहा पाजला की बाहेर येतात. तुम्ही पाजलाच आहे, तर आता ऐका!

मी यवतमाळला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. बैठक रफिकभाईच्या गॅरेजात. रफिकभाई ब्रेकचा मिस्त्री, पार पुसदवरून लोक त्याच्याकडे गाड्या आणतात. असा हा शहाणा माणूस! तीन वर्षांपूर्वी त्याला मोबाइलवर ड्रॅग रेस दिसली आणि तो कामातून गेला.

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या आणि चारशे मीटर सरळ रस्ता. वळण नाही, खड्डा नाही, मधे बसलेली म्हैस नाही. हिरवा दिवा लागला की सुटायचं, जो आधी पोचला तो जिंकला.

सगळी गंमत त्या सुटण्यात असते. त्यासाठी गिअरबॉक्सात एक करामत करतात, तिला म्हणतात ट्रान्सब्रेक. स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरलं की पहिला गिअर आणि रिव्हर्स दोन्ही एकदम लागतात. एक पुढे ओढतो, एक मागे. गाडी जागच्या जागी जाम! तेवढ्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन तापवायचं. बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी उधळते.

रफिकभाईने एक जुनी लांबलचक गाडी घेतली, नागपूरच्या कबाड्याकडून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. बटणाचं काम माझ्याकडे आलं. मी घराच्या दारावरचं बेलचं बटण बसवलं. स्वस्त आणि मस्त!

* * *

बाभुळगावचे एक शेतकरी ट्रॅक्टरचे ब्रेक करायला आले होते. रफिकभाईने त्यांना अर्धा तास ट्रान्सब्रेक समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे पयला गेर बी लावता अन् रिव्हर्स बी?"

"हौ."

"मंग गाडी जाते कुठं?"

"जातच नाही ना! तीच तर खुबी हाये!"

त्यांनी आपल्या ट्रॅक्टरकडे बोट केलं. "मंग त्याच्यासाठी एवढी मेहनत कायले केली बापा? आमचा तर बिना बटनाचाच जात नाही!"

* * *

पहिली टेस्ट गॅरेजातच झाली. रफिकभाई स्वतः बसला. बटण दाबलं, इंजिन वाढवलं. वरचे टिन थडथडायला लागले, पान्हे टेबलावरून खाली पडले, शेजारच्या पिठाच्या चक्कीवाल्याने घाबरून चक्की बंद केली. गाडी मात्र इंचभर हलली नाही. रफिकभाईच्या डोळ्यांत पाणी आलं हो! मलाही भरून आलं.

मग त्याने बटण सोडलं.

गिअरबॉक्सातल्या तेलाच्या नळ्या उलट्या जोडल्या गेल्या होत्या. रिव्हर्स सुटायचा तो पहिला सुटला आणि गाडी मागच्या मागे दारातून बाहेर! थेट रस्त्याकडेच्या आमच्या बोर्डावर. बोर्ड आडवा झाला. त्यावर लिहिलं होतं, 'येथे ब्रेकची कामे खात्रीशीर होतील.'

* * *

नळ्या सुलट केल्या. आता प्रश्न ड्रायव्हरचा. गावातले दोनचार पोट्टे येऊन बसले, पण इंजिन बोंबलायला लागलं की सगळ्यांचं बोट आपोआप सुटायचं. एकाचं बोट सुटलं तेव्हा दुसरा पाय बाहेरच होता.

अशात उत्तमकाका आले. एसटीचे रिटायर ड्रायव्हर, बत्तीस वर्षं सर्व्हिस. स्कूटरचा ब्रेक टाकायला आले होते. गाडीभोवती तीन चकरा मारल्या, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "रफिक, एक सांगू का? बत्तीस वर्सं गाडी हाकली, काटा कधी साठच्या वर गेला नाही. गेला असता, पन मांगं पन्नास लोक बसून राहत. माह्या भरवशावर. आता मांगं कोनी नाही. डोये बी अजून बरे हायेत. एक डाव जाऊ दे मले."

असं कुणी मागितल्यावर नाही कसं म्हणायचं?

काका बसले. बटण दाबलं, इंजिन पार वरपर्यंत नेलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. रफिकभाई ओरडला, "छोडो काका!" काका ढिम्म. मी हात हलवले, शिट्टी मारली, लाल फडकं हलवलं. बॉनेटमधून धूर निघाला तरी काका समोर बघत बसलेले. शेवटी मीच खिडकीतून हात घालून चावी फिरवली.

"काका, सोडलं काहून नाही?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच येडा आहे.

"घंटी कुठं झालती?"

* * *

शेवटी पुष्पाताईंना बोलवावं लागलं. पुष्पाताई म्हणजे अकरा वर्षं काकांच्याच गाडीवर असलेल्या कंडक्टर. त्याही आता रिटायर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कोपऱ्यातली चाकाची एक जुनी टोपी उचलली, दुसऱ्या हातात पान्हा घेतला.

टण टण!

डबल बेल! काकांचं बोट सुटलं आणि गाडी गॅरेजसमोरच्या मैदानात अशी सुटली, की रफिकभाई "या अल्ला" म्हणायच्या आत पार त्या टोकाला. पुष्पाताईंनी एकदा टण केलं. गाडी थांबली.

"बरोबर हाये," त्या म्हणाल्या. "उत्तमभाऊले बाकी काहीच आयकू येत नाही."

* * *

रेसच्या आधी रफिकभाईने गाडीचं वजन कमी करायला घेतलं. मागची सीट काढली, काचा काढल्या, दारांच्या आतलं अस्तर काढलं. एक एक नट तोलून काढला. महिनाभर राबला बिचारा.

रेसच्या सकाळी काका खाकी ड्रेस इस्त्री करून हजर. सोबत बुडाखालची गादी, पाच लिटरचं पाण्याचं कॅन, बुद्धाची छोटी मूर्ती, टॉवेल, छत्री आणि जेवणाचा चार खणांचा डबा. सगळं गाडीत नीट लावलं.

"काका, चारशे मीटरच जायचं हाये!" रफिकभाई रडकुंडीला आला.

"वाटेत गाडी बंद पडली म्हंजे?"

मग माझ्याकडे वळले. "अन् प्रमोद, काटा कुठं हाये?" रेसच्या गाडीला स्पीडचा काटा लागत नाही, असं मी सांगून पाहिलं. काका म्हणाले, "मंग मले कसं समजन, साठच्या वर गेलो का नाही?" मी मुकाट्याने काटा बसवून दिला.

* * *

आता मुख्य रेस. बाभुळगाव रोडवर एका प्लॉटवाल्याने नवीन लेआउट टाकलं होतं. रुंद सिमेंट रस्ता, घर एकही नाही. प्लॉट विकले जावेत म्हणून त्याने उद्घाटनाला ड्रॅग रेस ठेवली. स्पीकरवर रेस कमी आणि 'कॉर्नरचे दोनच प्लॉट शिल्लक' जास्त चाललं होतं. समोर अमरावतीची पांढरीशुभ्र गाडी. रफिकभाईची तीन वर्षं त्या रस्त्यावर उभी होती, आणि काकांची बत्तीस.

काका खाकी ड्रेसात स्टिअरिंगवर बसलेले. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारबुवा आले, खिडकीतून आपला दुपट्टा आत टाकला आणि विचारलं, "बाभुळगाव जाते का?"

काकांनी सवयीने मान हलवली. म्हातारबुवा जागा धरून निवांत झाले आणि बिडी ओढायला बाजूला गेले.

हिरवा दिवा लागला. पुष्पाताई तयारच होत्या. टण टण! काय सुटली हो गाडी! अमरावतीवाला दोन गाड्यांच्या लांबीएवढा मागे. रफिकभाई नाचायला लागला. दोनशे मीटर झाले आणि रस्त्याकडेच्या कुल्फीवाल्याने गिऱ्हाईक बोलवायला घंटी वाजवली.

एकदाच. टण.

काकांनी करकचून ब्रेक मारला. मिस्त्री रफिकभाई, त्यामुळे ब्रेक खात्रीशीर! गाडी भर ट्रॅकवर, बरोबर कुल्फीच्या गाडीसमोर उभी. काका आरशात पाहताहेत, कोण उतरतं ते. अमरावतीची गाडी शेजारून गेली आणि जिंकलीसुद्धा. रफिकभाई मटकन खाली बसला.

"आता राहू द्या," मी पुष्पाताईंना म्हणालो. "हरलो आपण."

"तुमी हरले असान," ताई म्हणाल्या. "त्यायचा काटा कुठं पोचला अजून?" आणि त्यांनी सगळा जीव लावून पान्हा हाणला. टण टण!

काकांनी बटण दाबलेलंच होतं. गाडी सुटली. चारशेची रेघ गेली, मांडव गेला, कॉर्नरचे दोन प्लॉट गेले, लेआउटची कमान गेली आणि गाडी बाभुळगाव रोडला लागली.

"ताई, घंटी! घंटी मारा! थांबवा त्यायले!" आम्ही सगळे ओरडलो.

पुष्पाताईंनी टोपी पाठीमागे लपवली. "काहून? बत्तीस वर्सं थांबतच तर राह्यले ते."

अर्ध्या तासाने माझा फोन वाजला, काकांचा. काका गाडी चालवताना फोन कधी उचलत नाहीत, करत तर नाहीतच. रफिकभाईने झडप घालून फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"रफिक," काका म्हणाले. आवाज जड झालेला. "गेलता रे काटा. साठच्या वर. लय वर."

रफिकभाई शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. मीच विचारलं, "काका, हाये कुठं तुमी?"

"बाभुळगाव स्टँडवर. फलाटाले लावली ना! इथं बारा जन बसून राह्यलते, समजावून समजावून उतरवले. अन् त्या बुढ्याचा दुपट्टा आला, बुढा तिकडंच राह्यला. त्याले जाऊ देऊ नका, मी रिटर्न येऊन त्याले नेतो."

"या मग."

"येतो कसा? इथं बेल कोन देईन?"

पुष्पाताईंनी रफिकभाईच्या हातातून फोन घेतला, चाकाच्या टोपीजवळ धरला आणि पान्हा उचलला.