कौसामावशीचा लाइव्ह अल्बम

बँडमधली पोरं चहाला बसली की गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त निघतात. त्यात आम्ही कौसामावशीसोबत लाइव्ह अल्बम केला, मग तर विचारूच नका! मावशी लासूर स्टेशन गावची. खुरपता खुरपता स्वतः गाणी रचायची, लग्नाकार्यात गायची. औरंगाबादेतला आमचा रॉक बँड त्या आवाजावर फिदा झाला. मी बास वाजवायचो.

*

पहिली रिहर्सल. आमच्या समीरनं गिटारवर डिस्टॉर्शन लावलं. खोली हादरली! मावशी कळवळली, "अरं, ह्याचा भोंगा फाटला वाटतं!"

"नाही मावशी, मुद्दाम असा आवाज काढतात."

"म्हंजी इकत घेऊन फाडला व्हय?"

*

टेम्पो पक्का राहावा म्हणून मावशीला हेडफोन लावला. आत मेट्रोनोमची टकटक. दोन ओळी गाऊन मावशी थांबली.

"आत कोण कवाधरनं कडी वाजवतंय? त्याला सांगा, दार उघडंच हाय!"

आमचा ड्रमर इम्रान हसून लोळला. "निकालो हेडफोन! मैं मावशी की डोलती गर्दन देख के बजाता!" आणि पठ्ठ्यानं अख्खा अल्बम तसाच वाजवला.

*

कार्यक्रमाची संध्याकाळ. रेकॉर्डिंग एकदाच होणार, रीटेक नाही. मावशी तर स्टेजवर कधी उभीच राहिली नव्हती. तिनं पडद्याआडून हॉलभर माणसं बघितली.

"एवढी मंडळी कुणाच्या लग्नाची?"

"मावशी, सगळी तुमच्यासाठी आलीत."

मावशीचे डोळे भरले. पदरानं तोंड पुसलं अन् हळूच म्हणाली, "मंग ह्यांच्या जेवणाचं काय केलं?"

*

आणि शेवटचं गाणं! मावशीची सासू पहिल्याच रांगेत. तरी मावशी बिनधास्त. "आत्याबाईला ऐकाया येत नाय," असं तिनं आम्हाला आधीच सांगितलेलं. ड्रम्स, गिटार सगळं पेटलं आणि मावशीनं वरचा सूर लावला,

"सासू माझी लवंगी मिरची,
डोळ्यांत पाणी आणती गं!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. तेवढ्यात म्हातारी काठी टेकत उठली आणि त्याच चालीत खणखणीत उत्तर आलं,

"मिरचीबिगर कालवण अळणी,
सून हे कवा जाणती गं!"

इम्रानच्या काठ्या हवेतच राहिल्या. मावशीचा आ वासलेला. मग माइकवरच तिच्या तोंडून निघालं, अन् ते अल्बमवर जसंच्या तसं आहे, "आत्याबाई! तुमाला ऐकाया येतं?"

म्हातारी खाली बसत म्हणाली, "कामाचं तेवढं येतं!"