तट्टाची जाळी

डॉक्टर मॅडमनी माझा पंजा तट्टाच्या कुशीवर ठेवला आणि म्हणाल्या, "काका, बरगडी शोधा."

मी शोधली. वरून, खालून, बोटं रुतवून. हाताला नुसती गादी लागत होती. मग त्यांनी माझा हात मानेवर, आयाळीच्या मुळाशी नेला. तिथे चरबीची कड लाकडासारखी घट्ट झाली होती. शेवटी पुढच्या खुरावर. खूर चांगलाच गरम होता. तट्टू मागे रेलून, एकेक पाय उचलून टेकत होतं. दोन दिवस मी त्याला आळस समजत होतो.

"चरबी आणि हे हिरवं गवत, दोन्हींमुळे खुराच्या आतला भाग सुजलाय," मॅडम म्हणाल्या. "असंच चालू राहिलं तर खूर आतून सुटतो. मग ते उभं राहणार नाही. आणि घोडा उभा राहिला नाही की काय करावं लागतं, ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नका."

तीन वर्षं त्याच अंगाकडे बघून मी खूश होत होतो. सायकलवरून रेतीच्या गोण्या वाहण्यापासून मी सुरुवात केली. आज माझं बांधकाम साहित्याचं दुकान आहे आणि कोन गावाजवळ कंपाउंड घातलेली जागा आहे. माझ्या दारात रोड जनावर दिसलं तर लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात. पावसाळ्यानंतर जागेत गुडघाभर गवत, त्यात तट्टू दिवसभर मोकळं. रंगाने पांढरं, म्हणून गावातल्या बायका रविवारी खंडोबाचा घोडा म्हणून हरभरा-गूळ घालायच्या. खारघरहून नात यायची, ती आल्या आल्या बिस्किटांचा पुडा फोडायची. मी कोणाला अडवलं नाही.

"मग औषध लिहा," मी म्हणालो. आवाज चढला होता.

"सूज आणि दुखण्यासाठी लिहिते. पण खरा उपाय तोंड आवरणं. खूर थंड होईपर्यंत गोठ्यात ठेवा, भिजवून निथळलेलं वाळकं गवत तेवढं द्या. पुढे मी सांगेन तेव्हा बाहेर सोडायचं, पण तोंडाला चरायची जाळी बांधूनच."

"म्हणजे मुसकं. मळणीच्या बैलाचं."

"तसं नाही. फोटो पाठवते. तोच प्रकार घ्या."

फोटो आला, मी उघडला नाही. मुसकं मला कोणी शिकवावं? पनवेलच्या बाजारात काथ्याचं एक घेतलं, तेही अर्ध्या भावात. खूर निवले, मॅडमनी परवानगी दिली, त्या सकाळी तट्टाला ते आवळून बांधलं आणि दुकानावर गेलो.

संध्याकाळी फाटकातूनच बायको ओरडली, "अवं, काय बांधलंय ह्याला? टपाशी उभा हाय सकालपासना, पानी पीत नाय!"

तट्टू पाण्याकडे मान न्यायचं, ओला काथ्या नाकपुड्यांना चिकटला की बुजून मागे सरायचं. नाकाच्या हाडावरची कातडी सोलून रक्त आलं होतं. दिवसभरात एक काडी पोटात नाही, एक घोट नाही. मी विळ्याने मुसकं कापलं. शिव्या कोणाला द्यायच्या ते कळत नव्हतं.

तेव्हा फोटो उघडला. काळ्या पट्ट्यांची टोपली, तळाला जाड रबर, रबराच्या मधोमध एकच गोल भोक.

ही जाळी मी पाहिली होती. हातात धरली होती.

तीन वर्षांपूर्वी माथेरानच्या एका घोडेवाल्याकडून मी हे तट्टू घेतलं. सौदा त्याने बैलबाजारासारखा केला, टॉवेलाखाली हात घालून, बोटांनी भाव सांगत. त्यात मी लहानपणापासून मुरलेला. त्याने बोटं दिली आणि मांडीजवळची ही जाळी उचलून दाखवली. मुंबईच्या एका बाईंनी तट्टू देताना त्याच्याबरोबर दिलेली, म्हणाला. मी मनात हसलो. आमच्याकडे विकलेल्या जनावराचं दावंसुद्धा विकणारा ठेवून घेतो. हा जुनी टोपली गळ्यात मारून भाव चढवतोय. टॉवेलाखाली मी त्याचं एक बोट मिटवलं, म्हणजे भाव तेवढा कमी. जाळी तुझी तुला. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान हलवली. त्या मिटवलेल्या बोटाची गोष्ट मी कितीतरी लग्नांत रंगवून सांगितली आहे.

दुसऱ्या दिवशी माथेरानला गाड्या थांबतात तिथे मी त्याला गाठला. मला पाहून तो म्हणाला, "या शेट! टॉवेल आणलाय का?"

"थट्टा सोड! जनावर मरायला टेकलंय. तेव्हा तोंडाने सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं होतं. ही जात हवेवर फुगते, पावसाळ्यात काम नसलं की जाळीशिवाय गवतावर सोडायची नाही, असं म्हणालो. तुम्ही म्हणालात, भंगार कोणाच्या माथी मारतोस? परत सांगायला गेलो तर तुम्ही उठून चालायला लागलात."

ते खरं होतं. उठून चालायला लागणं हा माझा हुकमी डाव. विकणारा मागे धावत येतो आणि भाव उतरवतो. त्या दिवशी तो धावला तो फक्त भाव सांगत, आणि मी तेवढंच ऐकलं.

जाळी त्याने घरातून आणली, धुतलेली. "दुसऱ्या कुठल्या घोड्याला नीट बसत नाय," म्हणाला आणि न विचारता माझ्या गाडीत बसला.

आल्यावर त्याने आधी नाकावरची जखम पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. खपली धरेपर्यंत चार दिवस थांबायला लावलं आणि पाचव्या दिवशी स्वतःहून पुन्हा आला. कानामागच्या आणि नाकावरच्या पट्ट्यांना त्याने मेंढीच्या लोकरीची पट्टी शिवली होती. जाळी चढवून त्याने माझीच दोन बोटं तट्टाचे ओठ आणि रबर यांच्या मधे घातली. "एवढी जागा पाहिजे. कमी झाली तर घासतं, जास्त झाली तर काढून टाकतं." गालाजवळचा एक बंद मुद्दाम पातळ चामड्याचा होता, कुठे अडकलं तर तो तुटावा, मान नाही. मग टप पुढे केला. तट्टाने जाळी पाण्यात बुडवली, फुरफुरलं आणि प्यायलं.

गवतात आधी ते रागाने पाय आपटत राहिलं. मग एक पातं भोकातून आत आलं. त्याने ते तोडलं. मग दुसरं शोधायला लागलं.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला, घोडेवाल्याचा हात ओढला आणि खाली तेच बोट उघडून धरलं. तेव्हा मिटवलेलं.

त्याने ते मिटवलं.

"कमी पडतं काय?" मी भडकलो. "दोन घे!"

"ती जाळी माझी नव्हतीच, शेट. तट्टाची होती." आणि तो रस्त्याकडे चालायला लागला.

आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या विकणाऱ्याच्या मागे धावलो, फाटकापर्यंत. तो थांबला नाही. याचा राग मला अजून आहे. फुकट दिलेल्या वस्तूवर माणूस घासाघीस तरी काय करणार?

आता बायका हरभरा आणतात तो मी देवळात ठेवायला लावतो. "देवाच्या घोड्याचं तोंड बांधलंत," असं ऐकून घेतो. रोज सकाळी दोन बोटं घालून जाळी बघतो, खुरांवर हात ठेवतो. ते थंड असतात. परवा नातीने कुशीवर तळवा दाबून धरला आणि ओरडली, "आजोबा, इथे काहीतरी टोचतंय!"

मी हात ठेवला. बरगडी होती.