जायफळाचे वळसे

रविवार, सोळा नोव्हेंबर. हजर : साडेपाच महिन्यांचं बाळ, त्याची आई, आजी, आदल्या दिवशी कारंज्याहून आलेली आत्या आणि मी. बाळाचे वडील दुकानात.

वहीचं पान असं सुरू करायचं, हे मला बालसंगोपनाच्या वर्गात शिकवलं. वाशीमला तीन महिने तो वर्ग केला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. शेलूबाजारहून सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारी जीपनं परत. रबरी बाहुलीला आंघोळ घालणाऱ्या बायकांत मीच सगळ्यांत मोठी. माझी जाऊ पोट धरून हसली होती.

"दोन पोरं वाढोली तुनं, आन् आता बाहुलीपासून शिकून राह्यली? उद्या चूल पेटवाचंबी सर्टिफिकेट आनशीन!"

"आनीन," मी म्हटलं. "तुही चूल लई धुपते."

माझी पोरं मी अंदाजानंच वाढवली होती, हे तिचं खरं होतं. वर्गात गेल्यावर त्या अंदाजांची मला भीती वाटायला लागली. म्हणून वही. दूध किती वाजता, झोप किती, शी-शू, औषध.

हे घर वाशीमच्याच एका कापड दुकानवाल्यांचं. बाळाची आई बँकेत नोकरीला. पहिल्याच दिवशी आजींनी सांगितलं, "गुटी मीच देईन. बाळगुटी घरच्याच हातची." मी वाद घातला नाही. मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, एकेक सहाणेवर त्या स्वतः उगाळायच्या, वळसे मोजून. मला सांगायच्या, मी लिहायची. जायफळ नेहमी दोनच वळसे, कारण त्यानं मूल गुंगतं.

त्या रविवारी पाहुणे जेवायला यायचे होते. सूर्य मावळायच्या आत जेवणारं घर, त्यामुळे सगळी धावपळ दुपारीच. अकरा वाजता मी वाटी-चमचा उकळायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर सहाण ओली पडलेली, तपकिरी ओघळ आलेले. मी ती धुतली, पुसली, जागेवर ठेवली. विचारलं नाही. आधी विचारायचं आणि मग धुवायचं, एवढी अक्कल मला त्या दिवशी नव्हती. माझ्या स्वच्छतेचा मला अजून राग येतो.

साडेअकराला बाळ झोपलं. दोनला दुधाची वेळ. उठेना. तळवे चोळले, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. डोळे उघडायचे आणि लगेच मिटायचे. मी ओरडून त्याच्या आईला बोलावलं. ऑटोत आम्ही चौघी, बाळ माझ्या मांडीवर.

डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलं याला?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पाठोपाठ सगळ्यांनी पाहिलं.

आत्या म्हणाली, "सायेब, पोरगं निजावं म्हनून ह्या बाया अफू चाटवतात. आमच्या शेजारी झालं होतं असंच."

"मी काहीच दिलं नाही. वही बघा." वही पुढे केली. कोणी हातात घेतली नाही. डॉक्टरांनी बाळाच्या फाइलमध्ये लिहिलं : 'घरच्यांच्या सांगण्यानुसार, सांभाळणाऱ्या बाईने काहीतरी चाटवले.' माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं.

आई बाळाजवळ थांबली. आम्ही तिघी घरी आलो, कारण माझी पिशवी घरी होती आणि ती तपासायची होती. आत्यानं ती व्हरांड्यात उलटी केली. डबा, चष्मा, नेलकटर, एसटीचा पास, जास्तीचा ब्लाउज, सुरक्षा पिना. डब्यातली भाकरीसुद्धा तिनं मोडून पाहिली.

"ए बाई, खरं सांग," आजी म्हणाल्या. "पाप लागते." सकाळपर्यंत त्या घरात मी ताई होते.

मी आजींना एकच विचारलं, "सकाळी गुटी किती वाजता दिली?"

"नवाले. जायफळाचे दोन वळसे, रोजच्यासारके. तुले सांगाचं राह्यलं."

"नवाला उगाळली, तर अकराला सहाण ओली कशी? मी धुतली ती."

आजींनी आत्याकडे पाहिलं. आत्या खाली बसून माझा ब्लाउज घडी करायला लागली.

"पावने येनार होते," ती म्हणाली. "पोरगं किरकिर करून राह्यलं होतं. मले काय मालूम, माय, तू अगुदरच देल्ली म्हनून?"

"किती वळसे?" मी विचारलं.

"मोजते का कोनी!"

दवाखान्यात फोन मी केला. जायफळ, दोनदा, दुसऱ्या वेळी न मोजता. रात्रभर बाळाला तिथंच ठेवलं, मीही त्याच्याजवळ थांबले. सकाळी ते भुकेनं रडलं, तेव्हा मीही रडले, पण आजींसमोर नाही. त्या म्हणाल्या, "झालं गेलं सोड. पोरगं बरं हाय ना?" आत्या तोवर कारंज्याच्या बसमध्ये बसली होती. माझी माफी कोणी मागितली नाही. मी शेलूबाजारला निघून गेले.

तिसऱ्या दिवशी बाळाच्या आईचा फोन. "ताई, तो कोणाकडेच राहत नाही हो." मी गेले. बाळाचा यात काय दोष?

पण ती फाइल आहे. फोननंतर डॉक्टरांनी खाली 'जायफळ' असं लिहिलं आणि वरची ओळ तशीच राहिली. दोन्ही मिळून वाचलं तर जायफळ मीच चाटवलं. लसीला गेलं की नर्स पान उलटते, वाचते आणि बाळ कोणाच्या कडेवर आहे ते बघते. शिकून, सर्टिफिकेट घेऊन मी हे काम धरलं, आणि या गावात माझ्याबद्दल लिहिलेलं एवढंच आहे.

डॉक्टर म्हणाले, "आईनं समोर येऊन सांगावं. मी खोडतो, सही करतो." आई म्हणते, "हो ताई, या शनिवारी नक्की." पण माझ्या जागी तिला नणंदेचं नाव सांगावं लागेल, ते ती घरात कसं निभावणार, हे मला कळतं. कळतं म्हणून राग कमी होत नाही. असे तीन शनिवार गेले. आज चौथा होता. सकाळीच तिला आठवण दिली, फाइल पिशवीत भरली, बाळाला टोपी घातली आणि दारात उभी राहिले. ती आतून म्हणाली, "आज डोकं दुखतंय."

दवाखाना एक वाजता बंद झाला. ओळ खोडायची बाकी आहे.