अलका रिसबूडांचा कडक गणपती

बंदराच्या गावात घर घेतलं की आपल्याला नातेवाईक किती आहेत, ते हळूहळू कळत जातं. इंग्लंडात साउथहॅम्प्टनच्या अलका रिसबूडांना ते चांगलंच कळलं होतं. रीडिंगच्या एखाद्या सॉफ्टवेअरवाल्या जोडप्याला बोटीने नॉर्वेला जायचं असलं, किंवा हाउन्सलोच्या कुणाला पुण्याहून आलेल्या आईवडिलांना क्रूझ दाखवायची असली, की आदल्या संध्याकाळी त्यांची गाडी रिसबूडांच्या घरापुढच्या ड्राइव्हवर येऊन उभी राहायची. रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, मग अलकाताईंचे यजमान डॉक्टरसाहेब स्वतः त्यांना टर्मिनलवर सोडून यायचे. गाडी पंधरा दिवस तिथेच. परत आल्यावर पुन्हा एक जेवण, कारण बोटीवरचं खाऊन खाऊन म्हणे पिठलं-भाताची आठवण येते. जाताना मंडळी ड्यूटी-फ्रीचा चॉकलेटचा एक डबा ठेवून जायची. असे सव्वीस डबे अलकाताईंच्या लॉफ्टमध्ये पडून आहेत असं लोक सांगतात. लोकांचं काय, वाढवूनच सांगतात. एकोणीस आहेत.

या सगळ्याचं मूळ डॉक्टरांत. शशिधर रिसबूड भूल देणारे डॉक्टर. सगळी नोकरी इथल्याच हॉस्पिटलात झाली. माणूस लाखातला, पण कुणी गावाला येतोय म्हटलं की त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, "अरे हॉटेल कशाला, घर आहे ना आपलं!" एवढं बोलून ते फोन ठेवायचे आणि पेपर उघडायचे. घर होतंच, त्यात वाद नाही. कणीक किती भिजवायची, हा भूल देणाऱ्याचा विषय नव्हे.

अलकाताई सत्त्याऐंशी साली लग्न होऊन आल्या. पहिली वीस वर्षं हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक नवा डॉक्टर पहिला आठवडा त्यांच्याकडेच उतरायचा. पुढे डॉक्टर कमी झाले आणि क्रूझवाले वाढले. मुलगी तनया एडिनबरोला गेली, तेव्हा तिच्या खोलीचं नाव दुसऱ्याच दिवशी गेस्टरूम झालं. गंमत अशी, की अलकाताईंची नोकरीच मुळी लोकांना नाही म्हणण्याची होती. हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट ऑफिसात त्या सत्तावीस वर्षं होत्या. 'सॉरी लव्ह, नोव्हेंबरच्या आधी काहीच नाही,' असं दिवसाला चाळीस जणांना इंग्रजीत सांगायच्या. एकदा तर खुद्द मेयरच्या सासूला सांगितलं होतं. आणि संध्याकाळी घरी येऊन मराठीत एकालाही नाही म्हणता यायचं नाही. नोकरी संपल्यावर त्यांची एकच इच्छा उरली होती: सकाळी उठावं तर घरात आपल्या दोघांशिवाय कुणी नसावं. ही इच्छा त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सांगणार कुणाला? ऐकणारे सगळे कधी ना कधी मुक्कामाला येऊन गेलेले.

त्यांची स्वतःची क्रूझ ठरवली ती वर्तकांनी. डॉक्टर मुरलीधर वर्तक गुडघे बदलणारे सर्जन, आता रिटायर. त्यांची बायको अरुणाताई म्हणजे साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळींचं धर्मशास्त्राचं खातं. संकष्टीचा चंद्रोदय इथला धरायचा की पुण्याचा, यावर त्यांनी दोन हजार अकरा साली जो निकाल दिला, तो आजही लागू आहे. तर तीस-पस्तीस वर्षं घराजवळून बोटी सुटताना पाहिल्यावर हे चौघे स्वतःची बोट पकडायला हीथ्रोवरून विमानाने सिंगापूरला गेले. यावरून मंडळात बरीच चेष्टा झाली, ती जाऊ दे.

पाचव्या दिवशी बोट थायलंडच्या बंदराला लागली आणि तिथून बसने एका लाकडी देवळाची सहल होती. मुरलीधर बोटीवरच थांबले. आयुष्यभर दुसऱ्यांचे गुडघे बदलले, पण स्वतःचे कुरकुरणारे गुडघे बदलून घ्यायला त्यांचा कुणावर विश्वास बसत नव्हता. बाकीचे तिघे गेले.

देऊळ अगदी समुद्राला लागून. पायापासून कळसापर्यंत सगळं लाकूड, आणि एक वीतभर जागा कोरीवकामावाचून मोकळी नाही. बुद्ध आहेत, अप्सरा आहेत, आपल्याकडचे चार हातांचे देवही ओळखीचे वाटतात. गाइड म्हणाली, काम अजून संपलेलं नाही, संपणारही नाही. खारा वारा एका बाजूने लाकूड खात जातो, दुसऱ्या बाजूने कारागीर नवं बसवत जातात. वरून काही पडायला नको म्हणून सगळ्यांच्या डोक्यावर प्लॅस्टिकची हेल्मेटं. शशिधर त्यात गॅस बोर्डाच्या इन्स्पेक्टरसारखे दिसत होते. अरुणाताईंना हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून त्या रागात होत्या.

अलकाताई मात्र बाजूच्या शेडपाशी थबकल्या. तिथे एक पन्नाशीची बाई मांडी घालून एक फळी कोरत होती. दोन-तीनशे माणसं तिच्याभोवती हिंडत होती, फोटो काढत होती, एक जर्मन तर अगदी तिच्या खांद्यावर वाकला होता. बाईने एकदाही मान वर केली नाही. पटाशी, हातोडी, फुंकर. पटाशी, हातोडी, फुंकर. अलकाताई तिथे वीस मिनिटं उभ्या होत्या. हे शशिधरांनी नंतर सगळ्यांना सांगितलं, कारण त्यांना तेवढा वेळ उन्हात त्यांची पर्स धरावी लागली होती.

शेडच्या शेवटी दुकान होतं आणि दुकानात सागवानी गणपती. वीतभर उंचीचा, बसका, पोट सुटलेला, सोंड लाडवाकडे वळलेली. अलकाताईंनी उचलून घेतला. हाताला जड लागला, बरा वाटला. तेवढ्यात मागून अरुणाताई आल्या.

"अलका, ठेव तो खाली."

"का हो?"

अरुणाताईंनी आपला उजवा हात वर करून सोंडेशेजारी धरला, जसा ट्रॅफिक पोलीस धरतो. "उजव्या सोंडेचा आहे. दिसत नाही का? फार कडक असतो. घरात अंडंसुद्धा चालत नाही."

"बरं."

"स्वयंपाक सोवळ्यात. परक्या माणसाने त्याच्या जवळपासही जायचं नाही."

"बरं."

"बरं काय बरं? पाहुणे मुक्कामाला, रात्री-अपरात्री येणं-जाणं, हे सगळं बंद करावं लागतं. तुमच्याकडे कसं जमायचं? तुमचं घर म्हणजे धर्मशाळा."

असं म्हणतात, की अलकाताईंनी त्यावर अरुणाताईंकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी गणपती दुकानातल्या मुलीपुढे ठेवला आणि नीट गुंडाळून द्यायची खूण केली.

परतीच्या बसमध्ये अरुणाताई खिडकीकडे तोंड करून बसल्या. शशिधरांनी हळूच विचारलं, की अंड्याचं ते जे म्हणाल्या, ते बोटीवरही लागू आहे का. अलकाताई म्हणाल्या, बोटीवर नाही. मग उरलेले आठ दिवस डॉक्टरांनी रोज सकाळी तीन अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं, फाशीच्या कैद्याला देतात तसं.

घरी आल्यावर गेस्टरूमची देवाची खोली झाली. पलंग कौन्सिलच्या माणसांनी येऊन नेला. बातमी पसरवायचं काम अरुणाताईंनी आपणहून केलं. "मी बजावलं होतं हो, ऐकलं नाही," असं त्यांनी हळदीकुंकवापासून योगा क्लासपर्यंत सगळीकडे सांगितलं. इतकी चोख जाहिरात पैसे देऊनही झाली नसती. एप्रिलमध्ये बोटींचा सीझन सुरू झाला, तसे फोन येऊ लागले. डॉक्टर सवयीने 'घर आहे ना' म्हणायला तोंड उघडायचे आणि मग घसा खाकरून म्हणायचे, "नाही रे, आमच्याकडे आता उजव्या सोंडेचा असतो." पलीकडचा माणूस चटकन समजायचा. मराठी माणूस दुसऱ्या कुठल्याही कारणावर वाद घालेल, यावर नाही घालत.

ड्राइव्ह रिकामी झाली. डॉक्टरांची अंडी गॅरेजमध्ये गेली. तिथे रिटायर्ड कन्सल्टंट थंडीचा कोट घालून कॅम्पिंगच्या शेगडीवर अंडं उकडतोय, हे शेजारणीने पाहिलं आणि घरात सगळं ठीक आहे ना, अशी हलकेच चौकशीही केली. अलकाताई सकाळी आंघोळ करून पूजा करायच्या, मग चहा घेऊन त्याच खोलीच्या खिडकीत बसायच्या. तासभर. काही करायच्या नाहीत.

यात खोटं काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. अरुणाताईंनी सांगितलं होतं, आणि त्यांच्या शब्दाची तपासणी करायची गावात पद्धत नाही. अलकाताईंनी स्वतः सोंड कधी निरखून पाहिली नाही, तेवढं खरं. निरखायला कारण काय? आणि कडक देव म्हटल्यावर दुसरं कुणी जवळ जाऊन पाहणारच नव्हतं.

ऑक्टोबरात एका गुरुवारी मुरलीधर वर्तक आले. शेवटी एकदाचा त्यांनी उजवा गुडघा बदलून घेतला होता आणि हातात काठी होती. शशिधर सुपरमार्केटात गेले होते. मुरलीधरांनी हातपाय धुतले, रीतसर विचारून देवाच्या खोलीत गेले आणि खुर्चीवर बसून गणपतीकडे पाहत राहिले. पाहता पाहता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वहिनी, हा डाव्या सोंडेचा आहे."

अलकाताई दारातच थांबल्या. "भाऊजी, पण अरुणाताईंनी तर..."

"अरुणाने समोर उभं राहून आपला उजवा हात सोंडेशी धरला असणार. उजवं-डावं पेशंटचं धरायचं असतं, बघणाऱ्याचं नाही. देवाचंही तसंच. अहो, मी तीस वर्षं ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या गुडघ्यावर पेनाने बाण काढलेत. ही चूक माझ्या हातून झाली असती तर पेपरात नाव आलं असतं."

अलकाताईंनी आत येऊन पाहिलं. सोंड देवाच्या डाव्या हाताकडे वळली होती. आता दिसल्यावर दुसरं काही दिसेचना.

"मी मुद्दाम नाही केलं," त्या म्हणाल्या. मग पलंगाच्या जागी अंथरलेल्या सतरंजीवर बसल्या आणि मुरलीधरांना सगळं सांगितलं. गाड्यांचं, कणकेचं, सकाळचं. मुरलीधर ऐकत होते. तेही नव्वद सालच्या नोव्हेंबरात अकरा दिवस याच घरी उतरले होते.

"अरुणाताईंना सांगणार तुम्ही?"

"चुकलीस म्हणून? अरुणाला?" मुरलीधरांनी काठीकडे बोट दाखवलं. "मला अजून पळता येत नाही, वहिनी."

चहा पिऊन ते गेले. जाताना एवढंच म्हणाले, की त्यांच्याकडून हे कुणाला कळणार नाही, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

ते गेले आणि पाच मिनिटांत फोन वाजला. रीडिंगचा प्रणव. त्याची बायको ऋजुता अलकाताईंच्या मावसबहिणीची सून लागते, म्हणजे लागत नाही, पण सांगताना तसं सांगतात.

"काकू, सॅटर्डेला आमचं बोर्डिंग आहे. बाप्पाचं माहितीये मला, अरुणामावशींनी सांगितलं. सो आम्ही ऑल सॉर्टेड. आम्ही चौघं हॉलमध्ये झोपू, बाप्पाच्या खोलीकडे येणारच नाही. नॉनव्हेज काही नको. अंडंपण नको. फक्त वरण-भात. आणि गाडी, दोन आठवडे."

तयारीने आला होता पोरगा. अलकाताईंच्या ओठावर उत्तर होतंच: उजव्या सोंडेचा आहे, परकं माणूस उंबऱ्याच्या आत चालत नाही. नियम थोडा वाढवला की झालं. अरुणाताईंनीही वर सही केली असती. पण खोलीचं दार उघडं होतं आणि तो समोर बसला होता, सोंड सरळ त्याच्या डावीकडे. सकाळपर्यंत त्याच्या नावावर सांगत होत्या, ते खरं समजून. आता कळून सवरून सांगायचं म्हणजे देवाला साक्षीला बोलावून थाप मारायची. ते काही त्यांच्याने होईना.

"नाही प्रणव," त्या म्हणाल्या. "नाही जमणार."

प्रणव थांबला. मराठीत 'नाही'च्या पाठोपाठ कारण येतं. कुणाची तब्येत, कुणाचं लग्न, कुणाचा देव. तो कारणाची वाट पाहत होता. अलकाताईही थोडा वेळ वाट पाहत होत्या, आपल्या तोंडून काय येतंय त्याची. काहीच आलं नाही.

"ओह," प्रणव म्हणाला. "ओके काकू, नो वरीज. मी हॉटेल बघतो."

"टर्मिनलजवळ दोन आहेत. आजच बुक कर, शनिवारी तीन बोटी आहेत."

"ओके. थँक्स काकू."

फोन ठेवला तेव्हा शशिधर पिशव्या घेऊन आत येत होते. कोण होतं, त्यांनी विचारलं. प्रणव, अलकाताईंनी सांगितलं. डॉक्टरांनी दूध फ्रिजमध्ये ठेवत विचारलं, "त्याला सांगितलंस ना गणपतीचं?"

"नाही सांगितलं. मला नको होतं, म्हणून नाही म्हटलं."

डॉक्टर फ्रिजचं दार धरून उभे राहिले. आतला दिवा त्यांच्या चष्म्यावर पडला होता. मग त्यांनी विचारलं, प्रणवला वाईट वाटलं असेल, तर आपण फोन करून काही सांगूया का.

"काय सांगणार?" अलकाताईंनी पिशवीतली कोथिंबीर बाहेर काढली. "सांगून झालंय."