आत्याबाईंची विहीर

रविवारची उपासना आटोपून मी घरी येते, दोन घास खाते आणि अंग टाकते. डोळ्यांवर झापड आहे, झोप नाही. चार वाजता सुधाकर यायचे आहेत. चर्चमध्ये ते पेटी वाजवतात, मी गाते. माझे यजमान शांतवन दीड वर्षापासून मस्कतला कामाला आहेत. आज गाणी संपल्यावर सुधाकर हळूच म्हणाले, "चारला घरी येऊ का?" सरावासाठी नाही, हे दोघांनाही कळलं. मी "या" म्हणाले.

बाहेर कुणाची तरी पाण्याची मोटर चालू आहे. तो आवाज लांब जातो आणि मी चर्चमध्ये उभी आहे. बाकांच्या मधोमध विहीर आहे. मला त्याचं नवल वाटत नाही. काठावर आत्याबाई, माझ्या सासूबाई, पाणी शेंदतायत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. शेवटची अंघोळ मीच घातली होती.

"आलीस? धर दोर."

मी धरते. "आत्याबाई, तुम्हाला कळलंय?"

"हो."

माझी मान खाली जाते. त्या ओढत राहतात.

"तुझे सासरे गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. शांतवन अंगावर पीत होता. शेजारी एक जण होते. माणूस चांगला. नीट बोलायचे माझ्याशी. अंग जळायचं नुसतं."

"तुमचं?"

"मी काय दगडाची होते?"

विहीर आता आमच्या स्वयंपाकघरात आहे, ओट्याला लागून. दोर तसाच जड.

"मग काय केलंत?"

"प्रार्थना केली. पण डोळे मिटले की समोर तेच उभे. मग एक दिवस चर्चच्या पाळकीणबाईंकडे गेले आणि सगळं बोलून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. रोज संध्याकाळी माझ्याबरोबर पाणी शेंदायला यायला लागल्या. शेंदता शेंदता प्रार्थना करायचो, दोघी मिळून."

"आणि ते गेलं?"

"कमी झालं. परत यायचं, परत शेंदायचं. प्रभू एकटीनं ओढ म्हणत नाही, सलोमी. आपणच लपवतो आणि एकट्या पडतो."

मला रडू येतं. "सुधाकर नुसती नावानं हाक मारतात ना, तरी बरं वाटतं. घरात कुणी हाक मारायलाच नाही."

"माहीत आहे गं." त्या माझ्या मुठींवर हात ठेवून दोर घट्ट धरायला लावतात. "ती भूक खोटी नाही. पण हे शांतवनला कधी सांगितलंस?"

मी दोर ओढते आणि डोळे उघडतात.

तीन वीस. सुधाकरांना फोन लावते. "येऊ नका. आज नाही, पुढेही घरी नको."

ते म्हणतात, "तुम्ही म्हणालात ते बरं झालं. मला जमलं नसतं."

मग मस्कतला लावते. शांतवन जेवायच्या सुट्टीत आहेत, मागे ताटांचे आवाज.

"अहो, मला एकटीला निभत नाहीये. मी आज चुकणार होते. सगळं सांगते, फोन ठेवू नका."

ताटांचे आवाज मागे पडतात. ते कुठेतरी बाहेर जाऊन उभे राहिले असावेत. "बोल, सलोमी," ते म्हणतात.

मी बोलत राहते. हात चुरचुरतो म्हणून फोन दुसऱ्या हातात घेते आणि तळवा बघते. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोराच्या पिळाचा लालभडक वळ उठलाय.