बेडगी, संकेश्वरी आणि इटालियन कॉफी

लग्न होऊन सून खांदेश्वरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आली, तेव्हा तिच्या सामानात अ‍ॅल्युमिनियमची एक छोटी, पैलूदार किटली होती. इटालियन कॉफीची. सकाळचा चहा मी वर्षानुवर्षं एकटीच प्यायचे. हे आणि मुलगा उशिरा उठणारे. आता ओट्यापाशी आम्ही दोघी. माझं आलं कुटणं, तिच्या किटलीची खळखळ, बाकी सगळं गप्प. काय बोलावं ते दोघींनाही सुचत नसे.

एकदा तिने अर्धा कप पुढे केला. "आई, बघा ना घेऊन."

घेतली, आणि आवडली की! पण कॉफीचा तो डबा तिच्या मैत्रिणीने परदेशातून आणलेला. दोघी पिणाऱ्या झाल्यावर लगेच संपला. मग शनिवारी आम्ही वाशीला गेलो. दुकानात इटालियन कॉफीचं अख्खं कपाट भरलेलं. मी चक्रावलेच.

"आपली होती ती कुठली?"

"ती इथे नाही मिळत," सून पाकिटं उलटीपालटी करत म्हणाली. "ही बघा, नुसती अरेबिका. सौम्य, वासाला छान. हिच्यात रोबस्टा पण आहे, म्हणजे कडक असणार."

दोन्ही घेतल्या.

रविवारी अरेबिका केली. सूनबाई डोळे मिटून वास घेत बसल्या. मला ती आंबट लागली, आणि दूध घातल्यावर तर कॉफी कुठे गेली तेच कळेना. सोमवारी दुसरी केली. मला अशी तरतरी आली! तिचं तोंड मात्र काढा दिल्यासारखं.

"जळकट आहे हो, आई."

"जळकट काय? खमंग म्हण!"

लग्नानंतरचा आमचा तो पहिला वाद, आणि गंमत म्हणजे मला फार बरं वाटलं. तोवर ती प्रत्येक गोष्टीला नुसतं "हो आई" म्हणायची.

मंगळवारी मी दोन्ही पाकिटं समोर ठेवली. मसाला करताना मी रंगाला बेडगी मिरची घेते, तिखटाला संकेश्वरी. तसंच किटलीत तिची दोन चमचे घातली, माझी एक.

"आई! दोन कंपन्यांची कॉफी कोणी मिसळतं का?"

"कोण बघायला येतंय?"

ती हसायलाच लागली. कप हातात घेऊन एक घोट प्याली, थांबली, दुसरा घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"उद्या तुमची थोडी जास्त घाला," ती म्हणाली.

आता मिश्रण बरणीतच भरून ठेवतो. परवा ती माहेरी नाशिकला गेली होती. सकाळीच फोन. "आई, कॉफी न्यायची विसरले. झाली तुमची?"

"झाली. तुझ्या वाटणीचीही प्यायले."

"काय हो!" ती ओरडली, आणि मग अर्धा तास आम्ही बोलतच बसलो.